पाऊस नसतानाचा सह्याद्री: जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत चैत्राच्या तोंडावर

सह्याद्रीत गर्दी होते ती जुलै-ऑगस्टात. नाणेघाटातला उलटा धबधबा बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, चाकं चिखलात रुततात, आणि सोमवारी गावातली माणसं मागे राहिलेल्या पिशव्या-बाटल्या वेचत फिरतात. त्या दिवसांत डोंगराला पाहुण्याकडून काही नको असतं; घसरून पडू नका, एवढीच अपेक्षा. मदतीचे हात लागतात ते होळी झाल्यावर. टाक्यांतलं पाणी तळाला गेल्याशिवाय गाळ काढता येत नाही. गवत वाळलं की वणव्याची धास्ती सुरू होते. पायवाटा मोकळ्या करायच्या त्याही पावसाआधीच. आणि नेमकं तेव्हाच शहरातलं कुणी फिरकत नाही, कारण ‘ऊन फार असतं आणि हिरवं काही दिसत नाही’.

म्हणून यंदा फाल्गुन संपता संपता जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम कडेला जायचं ठरवलं. गावातलाच वाटाड्या घेऊन हिंडायचं आणि वाटेत जिथे काम निघालं असेल तिथे लागायचं, असा बेत. बरोबरची मंडळी मिसळ होती: बँकेतून निवृत्त झालेले एक काका, संगणकापुढे बसून पाठ धरलेलं एक जोडपं, वनस्पतिशास्त्र शिकणारी एक मुलगी आणि मी.

गुरुवार, घाटघर

जुन्नर सोडून पश्चिमेला निघालं की शेतांचा रंग झपाट्याने बदलतो. बागायत संपते, माळ लागतो, आणि माळावर पळस पेटलेला असतो. पानं जवळजवळ नाहीत, नुसती केशरी फुलं. पांगारा लालभडक, काटेसावरीची फुलं खाली पडून रस्त्यावर चिरडलेली. मला या दिवसांत सगळ्यांत आवडतो तो मात्र कुसुंब. त्याची कोवळी पालवीच तांबडी असते. लांबून वाटतं झाड फुललंय, आणि जवळ जाऊन बघावं तर फूल म्हणून नजरेत भरणारं काहीच नाही. वसंत म्हणजे हिरवाई, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. आपल्या घाटात वसंत तांबडा असतो.

घाटघरला आमचे वाटाडे उभेच होते. साठी ओलांडलेले, डोक्याला टॉवेल, कमरेला कोयता. गावात सगळे त्यांना बाबा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. त्यांनी आधी आमचे बूट पाहिले, मग पाण्याच्या बाटल्या. “एवढ्यात भागायचं न्हाई ताई. आजची संध्याकाळ निघंल, उद्या गडावर माणशी तीन लिटर पायजे.” नंतरच राम राम.

नाणेघाटाच्या लेण्यात मी पूर्वीही आले होते, पण गर्दीत. या वेळी आत आम्हीच. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळातल्या माणसांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आता काही ठिकाणी फक्त पावलं उरली आहेत, आणि वर ब्राह्मीत नावं: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी. बाजूच्या भिंतींवरचा मोठा लेख नागनिकेचा. अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आकडे मांडायला वेगळी चिन्हं वापरली आहेत, आणि भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. काकांनी आयुष्य खतावण्यांत काढलेलं. ते त्या भिंतीपाशी इतका वेळ रेंगाळले की शेवटी बाबांनी हाक मारली.

बाबांना लेखाचा अर्थ कुणीतरी अभ्यासकाने कधीकाळी सांगितलेला, तो त्यांनी आम्हाला सांगितला. पण त्यांचं स्वतःचं ज्ञान सुरू झालं ते लेण्याबाहेर. घाटमाथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण सगळेच बघतात. बाबांनी दाखवली ती वाटेलगतची पाण्याची टाकी. कोणतं पाणी वैशाखापर्यंत पुरतं, कोणतं होळीलाच आटतं, कुठलं फक्त गुरांना चालतं, सगळं तोंडपाठ. “ह्या वाटंनं वैशाखऱ्यावरनं बैल चढायचं. बैल तहानला का व्यापारी थांबनार. म्हून हितं टाकी.” दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी मार्गावर मी बरंच वाचलंय, पण बैलाच्या तहानेपासून सुरुवात करणारं स्पष्टीकरण पहिल्यांदा ऐकलं आणि ते पटलं.

अंधार पडायच्या सुमारास नानाच्या अंगठ्यावर, म्हणजे घाटाशेजारच्या कड्यावर, गेलो. या दिवसांत हवेत धूसर असतं, कोकण नीट दिसत नाही. पण काळोख झाला आणि खालच्या एका उतारावर बारीक लाल रेघ उमटली. आधी वाटलं रस्त्यावरचे दिवे असतील. बाबा काही न बोलता बघत राहिले, मग खिशातून साधा फोन काढून कुणाला तरी त्या डोंगराचं नाव आणि ‘वरच्या अंगाला सरकतोय’ एवढंच सांगितलं. वणवा होता.

शुक्रवार, जीवधन

पहाटेच निघालो. जीवधनची पश्चिमेकडची वाट जंगलातून जाऊन कातळातल्या पायऱ्यांना भिडते. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथल्या अनेक गडांच्या वाटा मुद्दाम उद्ध्वस्त केल्या, त्यात या पायऱ्याही गेल्या. त्यामुळे मधला टप्पा हातापायांनी चढावा लागतो. खरी अडचण मात्र कातळाची नसते. वाळकं गवत आणि त्याखालचा सुटा मुरूम पावसाळ्यातल्या शेवाळाइतकाच दगा देतो. “चवड्यावर नको, टाच रोवून टाका,” बाबा दर दहा पावलांनी सांगत होते. संगणकवाल्या जोडप्यातल्या नवऱ्याने महागड्या काठ्या आणल्या होत्या. पहिल्या कातळापाशी त्या बाबांच्या खांद्यावर गेल्या आणि उतरेपर्यंत तिथेच राहिल्या.

माथ्यावर दगडी कोठी आहे, एकात एक खोल्यांची. दारावर गजलक्ष्मी कोरलेली, आत मिट्ट काळोख. इथे साठवलेलं धान्य लढाईत जळालं असं गावात सांगतात आणि जमिनीवरची राख दाखवतात. पलीकडच्या टोकावरून वानरलिंगीचा सुळका दिसतो. त्याच्या टोकाशी एक सर्पगरुड घिरट्या घालत ओरडत होता, आणि खालच्या झाडीत पावशाने सूर धरला होता. एवढ्या कोरड्या दिवसांत ‘पेर्ते व्हा’ ऐकलं की मला हसू येतं. पेरायला अजून अडीच महिने आहेत आणि याची घाई बघा!

उन्हं चढायच्या आत उतरलो. दुपारी बाराला चढणारी एक तरणीताठी टोळी वाटेत भेटली, हातात एकेक लिटरची बाटली, बरोबर गावचं कुणी नाही. बाबांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी कुठे आहे ते सांगितलं आणि चार वाजेपर्यंत हलू नका म्हणून दरडावलं. ऐकलं त्यांनी. या दिवसांत वाटाडा लागतो तो रस्ता चुकू नये म्हणून नव्हे. कधी थांबायचं, हे सांगणारं कुणीतरी बरोबर लागतं.

शनिवार, चावंड

श्रमदानाचा दिवस. चावंड गडाला कुकडी नदीच्या खोऱ्यातला राखणदार म्हटलं तरी चालेल. माथ्यावरून माणिकडोह धरणाचं पाणी, शिवनेरी, हडसर, निमगिरी, कालचा जीवधन, सगळं दिसतं. शिवकाळात याला प्रसन्नगड म्हणत. वाटेत कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत आणि आता धरायला लोखंडी कठडेही, त्यामुळे घमेली-फावडी घेऊन चढणं जमतं. माथ्यावर सप्तमातृका म्हणून ओळखली जाणारी सात टाकी आहेत. पण आजचं काम त्यांत नव्हतं. थोड्या अंतरावरचं एक लहान टाकं होतं. गाळाने इतकं भरलेलं की काठाशी गवत उगवलेलं.

गावातली पोरं, शेजारच्या गावांतले काही जण, पुण्याहून आलेला एक गट आणि आम्ही. कामाची सूत्रं एका दादांकडे. वर्षानुवर्षं हेच करत आलेला माणूस. सुरुवातीलाच त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. मला ते फार बरं वाटलं. गडावर जाऊन उत्साहाच्या भरात वाटेल ते करण्याची एक जमात गेल्या काही वर्षांत वाढली आहे. कुणी दगडांना रंग फासतं, कुणी टाक्याला सिमेंट थापतं, कुणी तटावरचं झाड मुळासकट उपटतं आणि सोबत चार चिरे ढासळवतं. हेतू चांगला असतो, नुकसान कायमचं होतं.

गाळ काढणं म्हणजे खाली उतरायचं आणि उपसायचं, असं मला वाटत होतं. तसं नाही. आधी उरलेलं पाणी बादल्यांनी शेजारच्या टाक्यात टाकलं, कारण चैत्रात गडावरचं थेंबभर पाणीसुद्धा फेकायचं नसतं. त्या पाण्यात बेडूक होते, खेकडे होते. कॉलेजातली मुलगी आणि गावातला एक दहा-बारा वर्षांचा पोरगा यांनी ते गोळा करून हलवायचं काम घेतलं. मग गाळ. वरचा थर वाळून भेगाळलेला, फावड्याने निघतो. खाली काळा चिकट चिखल, त्याला उग्र वास. पहार लावायची मनाई, कारण तिचं टोक भिंतीला लागलं तर छिन्नीच्या मूळ खुणा जातात. भिंतीलगतचा शेवटचा वीतभर गाळ हातांनी आणि खुरप्यानेच काढायचा.

मग साखळी. टाक्याच्या तळापासून काठापर्यंत आणि तिथून उताराच्या पलीकडे माणसं उभी. भरलेलं घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात, रिकामं उलट्या वाटेने परत. गाळ टाक्याच्या तोंडाशीच ओतला तर पहिल्याच पावसात परत आत येतो, म्हणून तो उताराच्या खालच्या अंगाला लांब नेऊन पसरायचा. काकांचा गुडघा दुखत होता, ते रिकामी घमेली पुढे सरकवत मोजत राहिले. आकडा मी विचारला नाही, ते मात्र जेवताना सांगून मोकळे झाले.

निघालेल्या गाळातली प्रत्येक वस्तू एका ताडपत्रीवर. खापराचे तुकडे, प्राण्यांची हाडं, एक गंजलेला खिळा, आणि अर्थातच चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, काचा. खापरं कुणी खिशात घालायची नाहीत, अशी दादांची सक्त ताकीद. कोणत्या थरात काय मिळालं ते वहीत लिहून, फोटो काढून ते खात्याला कळवतात. पुण्याच्या गटातल्या एकाला तोफगोळा सापडायची फार आशा होती. गोल लागलेला दगड तो तीन वेळा धुऊन आला.

दुपारनंतर तळ उघडा पडला. छिन्नीचे तिरपे घाव स्पष्ट, एका कोपऱ्यात उतरायला कोरलेली खोबण, आणि तळापासून हातभर उंचीवर कातळात एक तांबूस, मऊसर पट्टा. दादा म्हणाले, “हे बघा, इथनं पाझरतंय.” आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी अशी गेरूच्या रंगाची माती दबलेली असते, आणि थरांच्या सांध्यातून पाणी झिरपत येतं. टाकं खोदणाऱ्यांनी हे पाहूनच जागा धरल्या असणार. हात लावला तर पट्टा ओला होता. मार्च संपत आलेला, बाहेर कातळ भाजतोय, आणि हा ओला.

एकाने सुचवलं, आता काठाने झाडं लावू या. दादांनी शांतपणे समजावलं की मुळं कातळाच्या भेगांत शिरून टाकं फोडतात, आणि या उन्हात लावलेलं रोप आठ दिवस जगणार नाही. झाडं लावायची तर जुलैत, गडाखाली, इथल्याच बियांची. फोटोसाठी खड्डा खणायचा नाही. माणूस जरा हिरमुसला, पण संध्याकाळी त्याच्याच घमेल्यातून सर्वांत जास्त गाळ गेला होता.

उतरल्यावर पूर गावात कुकडेश्वराच्या देवळापाशी थांबलो. कुकडीचा उगम इथला. हात-पाय धुतले, काळं पाणी निघालं.

रविवार, डिंभ्यावरून आहुपे

सकाळचा प्रवास गाडीतला, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. घोडेगावनंतर डिंभे धरण लागतं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पाण्याच्या कडेकडेने रस्ता वळणं घेत वर चढतो, आणि शेवटी आहुपे. पुढे रस्ता संपतो, जमीनही संपते: सरळ कडा, खाली मुरबाडचं कोकण, समोर गोरख-मच्छिंद्रचे सुळके, बाजूला सिद्धगड.

उतरलो त्या घरच्या मावशी हिरड्याच्या झाडाखाली भांडी घासत होत्या. या पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांचं उन्हाळ्यातलं नगद पीक म्हणजे बाळहिरडा. कोवळं फळ वेचायचं, वाळवायचं, विकायचं. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावातली हिरड्याची झाडं मोडली, आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. मावशींना त्याबद्दल विचारलं. त्यांनी समोरच्या झाडाची एक तुटकी फांदी दाखवली आणि म्हणाल्या, “बाग असती तर पंचनामा झाला आस्ता. हे रानातलं, त्याचा सातबारा कुनाचा?” मी गप्प बसले. जंगल वाचवण्याच्या गप्पा मारायला येणाऱ्यांनी आधी ही बाजू ऐकायला हवी.

संध्याकाळी मावशींच्या मुलाबरोबर देवराईत. तो गावातला वाटाड्या, वनखात्याच्या कामांवरही जातो. देवाच्या रानातलं लाकूड तोडायचं नाही, पडलेलं घरी न्यायचं नाही, हा दंडक. त्यामुळे आत शिरलं की बाहेरचा उन्हाळा मागे राहतो. अंजनीला निळसर-जांभळा बहर आलेला, फांदीला चिकटून बारीक फुलांचे झुबके. गारंबीचा प्रचंड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला. त्याच्या शेंगा मीटरभराहूनही लांब होतात. एक वाळकी शेंग खाली पडलेली होती, आतल्या बिया तळहातात मावतील तेवढ्या मोठ्या, तपकिरी, गुळगुळीत. मुलीने शेंग उचलली, मापली, फोटो काढला आणि जिथली तिथे ठेवली.

ही मुलगी सीझनवॉच नावाच्या उपक्रमात भाग घेते. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची नोंद करायची: नवी पालवी किती, जून पानं किती, कळ्या, फुलं, कच्ची-पिकली फळं आहेत का. बस्स. हजारो लोकांनी अशी झाडं धरून ठेवली की कुठे कोणता बहर आधी येतोय, कुठे लांबतोय, हे कळायला लागतं. डोंगरात यायला ज्यांना जमत नाही त्यांना खिडकीतूनही करता येईल असं हे काम आहे, आणि वसंतात सुरू करणं सर्वांत सोपं, कारण झाड दर आठवड्याला काहीतरी नवं दाखवतं.

सोमवार, आहुपे

वनरक्षक सातला आले. दुचाकीला मागे पाचोळा उडवायचा एक ब्लोअर बांधलेला, खांद्यावर पाण्याची बाटली. वनखात्याच्या हिशेबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. जाळरेषा त्याआधीच काढून झालेल्या असतात. रुंद पट्ट्यातलं गवत कापून, माणसं उभी करून, वारा पडलेला बघून जाळतात, म्हणजे पुढे आग आली तर तिला खायला काही मिळत नाही. पण मार्चमध्ये पानगळ होते आणि साफ केलेल्या पट्ट्यावर पुन्हा पाचोळा साचतो. आमचं काम तो पाचोळा हटवण्याचं.

ब्लोअर वनरक्षकांकडे, आम्हा सगळ्यांकडे काटक्यांचे खराटे. सुरुवातीलाच त्यांनी कपडे तपासले. संगणकवाल्या ताईंच्या अंगात चकचकीत ट्रेकिंगचा टी-शर्ट होता. “हा घरी ठेवा, सुती घाला. ठिणगी पडली तर सुती जळतं, हे वितळून अंगाला चिकटतं.” आज आग नव्हती, पण ते ऐकेनात. मग शिकवणी झाली. आग चढावर वेगाने जाते, उतारावर सावकाश, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही. विझवायची ती मागून आणि बाजूंनी, हिरव्या डहाळ्यांनी झोडपत नव्हे, दाबत, नाहीतर ठिणग्या उडतात. आणि पळायची वाट आधी बघून ठेवायची, ती शक्यतो आधीच जळून गेलेल्या बाजूची.

पाचोळा झाडणं दिसतं तेवढं सोपं नाही. सागाचं पान मोठं आणि कडक, ते खराट्यापुढे पळतं. बारीक पानांचा थर दमट असतो, तो जमिनीला धरून बसतो. शिवाय सगळंच खरवडायचं नसतं. खाली मातीचा ओलावा राहिला पाहिजे, उगवत्या रोपांना धक्का नको. पट्ट्याबाहेरचा पाचोळा तसाच ठेवायचा, ते जंगलाचं खत. तासाभरात खांदे भरून आले. सावलीत होतो म्हणून निभावलं.

वणवे लागतात कसे, हे मी विचारलं. आपल्याकडे ते बहुतेक माणसाच्या हातून लागतात, यावर वनरक्षकांचं आणि गावकऱ्यांचं एकमत. कुणाच्या हातून, यावर नाही. वनखात्याचं बोट राबाकडे असतं. भात-नाचणीची रोपं टाकायच्या तुकड्यावर फांद्या, गवत, शेण पसरून जाळतात, त्यातून आग बाहेर निसटते. मावशींच्या मुलाचं म्हणणं, राब आमचे आजेपणजे भाजत आले, चहूबाजूंनी साफ करून, वारा नसताना, घरातली चार माणसं उभी करून. बाहेरून येऊन चूल पेटवणारे आणि विडी टाकणारे तेवढं कधी करतात? गवत जाळलं की पुढच्या वर्षी जास्त येतं, असं मानणारेही आहेत, हे त्यानेच मागाहून कबूल केलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, असं माझं मत झालं. राब भाजायचा दिवस आधी कळवायचा आणि त्या दिवशी वनरक्षकांनी हजर राहायचं, असं त्यांच्यात ठरलंय. ते पाळलं जातं तिथे आग निसटत नाही, हे दोघांनीही सांगितलं.

राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, पण दुर्गम डोंगरात कायद्यापेक्षा फोन लवकर पोचतो. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना मोबाइलवर येते. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ३७५ मीटरचा असतो. नाव नोंदवलं तर ती सूचना सामान्य माणसालाही मिळते. पण उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत आणि मेसेज येईपर्यंत वाळक्या उतारावरची आग कितीतरी पुढे गेलेली असते. गुरुवारी रात्री बाबांनी केलेल्या फोनचं महत्त्व मला तेव्हा कळलं. वनरक्षकांना मी ते सांगितलं, तर म्हणाले, “घाटघरचे ना? तो फोन पुढं मुरबाडला गेला होता. पहाटे विझवली त्यांनी.”

चारनंतर काम थांबवून शेकरूच्या वाटेवर निघालो. भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं १९८५ मध्ये, आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार त्याची ओळख. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. झाडांच्या माथ्यांची सलगता तुटली की तिचा रस्ताच तुटतो. वणव्यात एखादा पट्टा गेला तरी तिच्या दृष्टीने ती दरी होते, म्हणून सकाळच्या खराट्याचा आणि या खारीचा थेट संबंध. घरटी काटक्या-पानांची, गोल, बारीक फांद्यांच्या टोकाशी, म्हणजे जड शत्रूला पोचता येऊ नये. एकेक शेकरू अनेक घरटी बांधते. त्यातलं वापरातलं कोणतं, हे ताज्या हिरव्या पानांवरून ओळखायचं. वनरक्षक घरटं दिसलं की झाडाची जात आणि अवस्था वहीत टिपत होते. आम्हाला त्यांनी ओळखायला लावलं आणि आमची निम्मी ‘घरटी’ पाचोळ्याचे गुंते निघाले.

प्रत्यक्ष शेकरू दिसली ती निघायच्या वेळी. आधी वरून अर्धवट कुरतडलेलं कोवळं फळ काकांच्या टोपीवर पडलं. मग पानांत सळसळ, तांबूस-तपकिरी पाठ, अंगापेक्षा लांब शेपूट, आणि एका झाडावरून पुढच्या झाडावर झेप.

मंगळवार, परतीच्या वाटेवर

निघण्याआधी वनरक्षकांनी वही पुढे केली. नाव, फोन, वय, आणि ‘काय येतं’ असा एक रकाना. दादांच्या गटाचीही अशीच वही होती. स्वयंसेवक म्हणून यायचं असेल तर सुरुवात इथून करावी: वनखात्याचं स्थानिक कार्यालय, ग्रामपंचायत, किंवा परवानगी दाखवून काम करणारा दुर्गसंवर्धनाचा गट. परवानगीचा कागद मागावा, तो नसेल तर फक्त हिंडून परत यावं. वाटाड्याच्या मेहनतान्यात घासाघीस करू नये. सुती कपडे, जाड तळव्याचे बूट, टोपी, आणि पाणी बाबांनी सांगितलं तेवढं. भर उन्हाळ्यापेक्षा फाल्गुनातले दिवस सुसह्य, आणि सकाळी सहा ते अकरा हेच खरे कामाचे तास.

वनरक्षकांनी मला विचारलं, जानेवारीत याल का? जाळरेषा काढायचं मुख्य काम तेव्हा असतं, आणि तेव्हा माणसं मिळत नाहीत. मुलीने परीक्षेचं वेळापत्रक बघून एक आठवडा लिहिला. काकांनी ‘काय येतं’च्या रकान्यात ‘हिशेब’ लिहिलं, आणि वनरक्षकांनी ते गंभीरपणे वाचून मान डोलावली. खात्यात त्याची गरज आहे म्हणाले. जोडप्याने रजेचं विचारून कळवतो असं सांगितलं. मी जानेवारीचा शेवटचा आठवडा लिहिला आणि घोडेगावच्या गाडीसाठी धावत सुटले, कारण ती चुकली तर पुढची थेट दुपारी होती.